गिटारचा ब्रिज पुन्हा पुन्हा सुटतो? डिंक बदलण्याआधी टॉप तपासा

ब्रिज, म्हणजे गिटारवर तारा अडकवायची लाकडी पट्टी, मागच्या कडेने उचलला जातो, कुणीतरी तो चिकटवून देतं, काही महिने बरे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात तीच फट तिथेच दिसते. मग आणखी भारी डिंक येतो, आणखी करकचून क्लॅम्प लागतात, कधी इपॉक्सी येतो, कधी दोन स्क्रू मारले जातात. तरीही ब्रिज सुटतोच. असं दुसऱ्यांदा झालं असेल तर डिंकाला दोष देणं थांबवा. बहुतेक वेळा खोट असते ती ब्रिजखालच्या टॉपच्या, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीच्या, पृष्ठभागात. तो नीट तयार केलेला नसतो, आणि न तयार केलेल्या जागेवर जगातला कुठलाही डिंक टिकत नाही.

आधी भार कसा येतो ते समजून घ्या, कारण पुढची सगळी काळजी त्यातूनच येते. सतारीत किंवा तंबोऱ्यात तारा खाली लंगोटाला बांधलेल्या असतात. घोडीवर भार येतो तो वरून खाली दाबणारा. घोडी तारांच्या दाबानेच जागेवर बसते. गिटारचं उलट आहे. तारा ब्रिजलाच अडकवलेल्या असतात आणि तो सतत नटाकडे, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीकडे, ओढला जातो. ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या (लाइट गेज) स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ७५ किलो भरतो. नायलॉनच्या तारांचा ४० किलोच्या आसपास. हा ताण टॉपच्या पृष्ठभागाला लागून येत नाही, सॅडलच्या (ब्रिजमधल्या, तारा जिच्यावर टेकतात त्या उभ्या पट्टीच्या) माथ्यावरून, म्हणजे टॉपपासून बारा-तेरा मिलिमीटर उंचीवरून येतो. त्यामुळे ब्रिज नुसता पुढे ओढला जात नाही, पुढच्या बाजूला झुकतोही. पुढची कड टॉपमध्ये दाबली जाते आणि मागची कड, डब्याचं घट्ट झाकण उचकटावं तशी, वर उचलली जाते. डिंकाचा जोड सरळ ओढ भरपूर सोसतो, पण कडेपासून सोलला गेला की फार लवकर हार मानतो. म्हणून मागच्या कडेचे दोन-तीन मिलिमीटर संपूर्ण जोडात सगळ्यात मोलाचे.

आणि नेमके तेच दोन-तीन मिलिमीटर बहुतेक गिटारींत वाया गेलेले असतात. कारखान्यात टॉपला पॉलिश मारल्यावर ब्रिजच्या जागेचा थर काढतात, पण बाहेर काही दिसू नये म्हणून ब्रिजच्या आकारापेक्षा आत राहून काढतात. कडेने पॉलिशची एक पट्टी उरते आणि ब्रिज तिच्यावर टेकतो. १५० मिमी लांबीच्या नेहमीच्या ब्रिजचं तळाचं क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर धरा, परीघ साधारण ३७० मिमी. चारी बाजूंनी २ मिमी पट्टी राहिली तर सात चौरस सेंटिमीटरहून जास्त जागा गेली, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. ३ मिमी राहिली तर चौथा हिस्सा. तोही आतला नाही, कडेचा. १९३० च्या सुमारास मार्टिन कंपनीने ब्रिजला मागे पोट काढलं, ते स्टीलच्या तारांचा वाढलेला ताण सोसायला चिकटण्याची जागा वाढावी म्हणून. ती वाढवलेली जागा पॉलिशखाली घालवणं हा त्या आकारावरच अन्याय आहे.

खरंच सुटला आहे का?

फट दिसली की लगेच ब्रिज काढायला घेऊ नका. पातळ कागदाची पट्टी मागच्या कडेखाली सरकवून बघा. सगळीकडे सारखी दीड-दोन मिलिमीटर आत जाऊन थांबत असेल आणि गिटार घेतल्यापासून तसंच असेल, तर ती बहुधा पॉलिशवर टेकलेली कडच आहे. पेन्सिलने खूण करा, दोन-तीन महिन्यांनी परत मोजा. वाढ नसेल तर हात लावायचं कारण नाही. कागद एका टोकाला जास्त आत जात असेल, किंवा पिनांच्या (तारा ब्रिजच्या भोकांत अडकवणाऱ्या खुंट्यांच्या) ओळीपर्यंत पोचत असेल, तर मात्र आजच तारा सैल करा. अर्धवट सुटलेल्या ब्रिजवर ताण ठेवला की उरलेला जोड सुटताना टॉपचे लाकूडतंतू सोबत घेऊन जातो, आणि एका दिवसाचं काम आठवड्याचं होतं.

एक विनंती फार मनापासून. त्या फटीत सुपरग्लू सोडू नका. तो धूळ, मेण आणि जुन्या डिंकावर जाऊन बसतो, धड धरतही नाही, आणि लाकडात मुरून नंतरच्या चांगल्या डिंकाला वाट बंद करतो.

सुटलेल्या दोन्ही बाजू वाचा

ब्रिज पूर्ण सुटला असेल किंवा काढावा लागला असेल, तर पुसापुशी करण्याआधी त्याचा तळ आणि टॉपवरचा ठसा चांगल्या उजेडात शेजारी ठेवा. पुन्हा का सुटला याचं उत्तर तिथे लिहिलेलं असतं.

ठशात कुठे काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत भाग दिसतोय आणि ब्रिजच्या तळाला डिंक तितकाच गुळगुळीत आहे? तो पॉलिशवर चिकटवला होता. डिंकाने लाकूड धरलंच नव्हतं.

डिंकाचा सगळा थर टॉपवर राहिला आणि ब्रिजचा तळ स्वच्छ, तपकिरी? मग दोष ब्रिजच्या तळाचा. ब्रिज बहुधा शिसवीचा किंवा एबनीचा असतो. आपल्या पश्चिम घाटात वाढणारं शिसवी लाकूड जगभरच्या गिटारींच्या ब्रिजसाठी वापरलं जातं आणि ते तेलकट असतं. तासून ठेवलेला तळ काही दिवसांत पुन्हा तेलकट होतो आणि डिंक त्यावर धरत नाही.

ब्रिजच्या तळाला टॉपच्या लाकडाचे पापुद्रे चिकटलेत? इथे डिंक जिंकला आणि लाकूड हरलं. हे पापुद्रे मागच्या कडेपासूनच सुरू झाले असतील, तर त्या रेषेवर बोट फिरवा. टॉपमध्ये सुरीचा बारीक काप लागला तर मागच्या दुरुस्तीत पॉलिश कापताना पातं लाकडात उतरलं होतं. याबद्दल खाली सविस्तर.

डिंक मधे जाड आणि टोकांना पातळ, किंवा उलट, आणि जाड भागावर लहान बुडबुड्यांची साय? दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेच नव्हते, किंवा डिंकावर कातडी धरल्यावर क्लॅम्प लावला होता.

शेवटची खूण फसवी. डिंक चिवट, रबरासारखा, आणि ब्रिजच्या मागे अर्धा मिलिमीटर उघड्या लाकडाची रेघ. ब्रिज एकदम सुटला नाही, हळूहळू पुढे घसरत गेला. फर्निचरचा पांढरा पीव्हीए डिंक सततच्या भाराखाली असा सरकतो, उष्णतेत तर जास्तच. एप्रिल-मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत ठेवलेल्या गिटारींत हे नेहमी दिसतं.

टॉपला हात लावण्याआधी

साउंडहोलमधून (टॉपमधल्या गोल भोकातून) आरसा आणि छोटा टॉर्च घालून आत बघा. ब्रिजच्या बरोबर खाली, टॉपला आतून चिकटवलेली ब्रिजप्लेट ही लाकडी पट्टी असते, स्टीलच्या तारांच्या गिटारीत शेजारून एक्स आकाराचे ब्रेस, म्हणजे टॉपला आधार देणाऱ्या पट्ट्या, जातात. ब्रेस सुटलेला असेल, ब्रिजप्लेटच्या भोकांची तारांच्या टोकांच्या धातूच्या गोळ्यांनी चाळण झाली असेल किंवा प्लेटच उचलली असेल, तर आधी ते काम. आतला आधार गेला की टॉप पोट काढतो, आणि पोट सुटलेल्या टॉपवर ब्रिज कितीही नीट चिकटवा, तो उचललाच जाणार. काहीजण त्या पोटाच्या आकाराला ब्रिजचा तळ घासून बसवतात. तसं करू नका.

अजून अर्धवट चिकटलेला ब्रिज काढताना भोवतीच्या पॉलिशवर जाड पुठ्ठा आणि अॅल्युमिनियम फॉइल ठेवा, ब्रिज तापवा आणि पातळ, बोथट कडेचं लवचीक पातं मागच्या सुटलेल्या कडेतून हळू आत सारा. लाकूडकामाचा पिवळा डिंक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतो. पातं अडलं तर जोर नको, परत तापवा. टॉपच्या दोन फळ्या एकाच लाकडाच्या, पुस्तकासारख्या उघडून जोडलेल्या असतात. म्हणून एका अर्ध्यात पातं तंतूंवरून सहज सरकतं, तर दुसऱ्या अर्ध्यात त्याच दिशेने तंतूंत घुसतं. घुसतंय असं जाणवलं की त्या अर्ध्यासाठी बाजू बदलून समोरून या. स्वस्त गिटारीत ब्रिजवरच्या मोत्यासारख्या ठिपक्यांखाली बोल्ट लपलेले असतात, ते आधी काढायला विसरू नका.

निघालेले पापुद्रे, अगदी नखाएवढेसुद्धा, फेकू नका. ब्रिजच्या तळावरून ओल्या कोमट फडक्याने सोडवा आणि टॉपवर त्याच जागी, त्याच दिशेने परत चिकटवा. त्याच टॉपचा तुकडा कुठल्याही भरावापेक्षा चांगला बसतो. लाकडाचा भुसा आणि डिंक कालवून खड्डा भरू नका. वरून सपाट दिसतं, पण तिथे तंतूच नसल्यामुळे भार घ्यायला काही नसतं.

जागा ठरवणं

जुन्या ठशावर डोळे झाकून विश्वास नको, विशेषतः आधी कुणी दुरुस्ती केली असेल तर. नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपर्यंतचं) अंतर मोजा, दुप्पट करा. स्टीलच्या तारांसाठी पहिल्या तारेकडे त्यात सुमारे अडीच-तीन मिमी आणि जाड सहाव्या तारेकडे पाच-सहा मिमी जास्त. सॅडलचा माथा तिथे यायला हवा. नायलॉनला दीड-दोन मिमी पुरतात. मग पिनांच्या दोन्ही टोकांच्या भोकांत घट्ट बसणारे लाकडी खुंट किंवा मेण लावलेले बोल्ट घालून ब्रिज कोरडाच बसवा आणि भोवती मास्किंग टेप कडेला अगदी भिडवून लावा. ओल्या डिंकावर ब्रिज सरकतो, तेव्हा हेच खुंट जागा राखतात.

पॉलिश काढणं

ब्रिज उचलला की टेपच्या आत पॉलिशचा खरा चेहरा दिसतो. टॉर्च आडवा धरून बघा: लाकूड मंद, पॉलिश चमकतं. आता ब्रिजच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर आत राहून पॉलिश कापायचं आहे. इथे माझा आग्रह अगदी कडक आहे. ब्रिजची मागची कड टॉपच्या रेषांना आडवी जाते. तिथे सुरी लाकडात गेली तर तुम्ही नेमक्या सर्वांत जास्त ताणाच्या जागी टॉपचे तंतू तोडलेत. त्या कापातून लाकूड सोलत जातं, आणि पुढच्या वेळी ब्रिज सुटतो तो टॉपचा थर घेऊन. टॉप मऊ लाकडाचा असतो, स्प्रूस किंवा सीडर. सीडर तर नखानेही दबतं. म्हणून नवं पातं घ्या, हात हलका ठेवा आणि एका खोल कापापेक्षा अनेक वरवरचे काप घ्या. पॉलिश जाड असेल तर काप थराच्या मध्यापर्यंतच न्या, उरलेलं खरवडून काढा.

खरवडायला धार लावलेली रुंद पटाशी किंवा लहान स्क्रेपर उभा धरून वापरा. मधून कडेकडे, रेषांच्या दिशेने या आणि कापाशी थांबा. पॉलिशची पांढरट भुकटी येते; ती थांबून लाकडाचे मऊ कुरळे तंतू यायला लागले की पोचलात. पॉलिश पेपरचा मोह टाळा. बोटाखालचा कागद मधे कमी आणि कडेला जास्त घासतो, त्यामुळे कडा खाली जातात आणि पुन्हा तीच मागची कड अधांतरी राहते. शिवाय भुकटी लाकडाच्या रंध्रांत बसते. धारदार पात्याने खरवडलेलं ताजं लाकूड डिंकाला सर्वांत जास्त आवडतं. पेंट रिमूव्हर तर नकोच. टेपखालून पाझरून तो बाहेरचं पॉलिश खातो, आणि कडक पॉलिएस्टरवर त्याचा फारसा परिणामही होत नाही.

प्लायवूडच्या टॉपवर हात आखडता घ्या. वरचा पापुद्रा फार पातळ असतो. तो पार झाला तर खालचा थर आडव्या रेषांचा लागतो.

जुना डिंक हे दुसरं लपलेलं पॉलिश समजा. सुकलेल्या पिवळ्या किंवा पांढऱ्या डिंकावर नवा डिंक नीट धरत नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं ठशावर थोडा वेळ ठेवा, लागल्यास पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, डिंक दुधाळ आणि मऊ झाला की खरवडा. नंतर एक पूर्ण दिवस वाळू द्या, ओलं लाकूड फुगलेलं असतं. जुना जोड सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनवलेल्या डिंकाचा, असेल तर काम हलकं होतं, कारण नवा सरस जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो.

शेवटी पाण्याची परीक्षा. ठशावर पाच-सहा ठिकाणी, त्यातही मागच्या कडेला, काडीने पाण्याचे बारीक थेंब ठेवा. थेंब पसरून मुरला तर लाकूड उघडं आहे. गोल मण्यासारखा उभा राहिला तर तिथे पॉलिश, मेण किंवा डिंक उरला आहे. या एका मिनिटाच्या परीक्षेने जितके ब्रिज वाचतील तितके कुठल्याही महागड्या डिंकाने वाचणार नाहीत.

ब्रिजचा तळ टॉपला जुळवणं

टॉप सपाट दिसतो, पण बहुतेक स्टील-स्ट्रिंग गिटारींत त्याला हलकी घुमटी असते. २८ फूट, म्हणजे साडेआठ मीटर त्रिज्येची घुमटी धरली तर १५० मिमी लांबीत मध्य आणि टोकांमधला फरक सुमारे ०.३३ मिमी येतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डिंकाचा थर साध्या छपाईच्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिमीहून, पातळ हवा. एकदम सपाट तळाचा ब्रिज क्लॅम्पने दाबून टोकं टेकवली तर तो स्प्रिंगसारखा कायम उठू बघतो. तारा न लावताही जोडावर भार असतो.

म्हणून टॉपवर ब्रिजच्या जागी ८० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर करून, टेपने ताणून लावा. ब्रिजच्या तळाला पेन्सिलने रेघा मारा आणि त्या कागदावर थोड्या थोड्या हालचालीत घासा. सगळ्या रेघा एकसारख्या गेल्या की टॉपचा आकार तळात उतरला. मग १२० नंबर, आणि शेवटी हलकं खरवडणं. आता कोरडा क्लॅम्प लावून ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ धातूची पट्टी) चारी बाजूंनी फिरवा. ती कुठेही शिरता कामा नये. मागच्या कडेला शिरली तर पुन्हा कागदावर. यात घाई केली की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

हवेचं काय?

दर पावसाळ्यात ब्रिज सुटण्याचं कारण इथे आहे. टॉपच्या रेषा तारांच्या दिशेने जातात, ब्रिजच्या रेषा त्यांना आडव्या. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. लाकडातली ओल ४ टक्क्यांनी वाढली तर मोकळं सिट्का स्प्रूस १५० मिमी रुंदीत सुमारे ०.९ मिमी फुगतं. त्यावर बसलेला ब्रिज त्याच दिशेने जागचा हलत नाही. ही ओढाताण जोडाने सोसायची असते. मुंबई-कोकण-गोव्यात ऑगस्टमध्ये, हवेत ८५ टक्के आर्द्रता असताना ब्रिज चिकटवला तर तुम्ही फुगलेल्या टॉपवर तो बांधून टाकला. डिसेंबर-जानेवारीत टॉप आकसताना सगळा ताण कडांवर येतो. काम ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत करा. पावसाळ्यात नाइलाज असेल तर गिटार आणि ब्रिज दोन्ही आठवडाभर एसी किंवा डीह्युमिडिफायरच्या खोलीत ठेवा, शेजारी आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर, आणि तळ जुळवण्याचं कामही त्यानंतरच.

चिकटवणं

डिंकाबद्दल थोडक्यातच. पिवळा अॅलिफॅटिक रेझिन, उदाहरणार्थ टाइटबाँड ओरिजिनल, किंवा गरम सरस. सरस मला जास्त आवडतो. तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि भाराखाली सरकत नाही. पण तो ६० अंशांच्या आसपास गरम राखावा लागतो आणि लावल्यावर हाताशी जेमतेम मिनिटभर असतं, म्हणून सवय नसेल तर पिवळा. इपॉक्सी नको, पुढे कधी ब्रिज काढायचा झाला तर टॉपची दैना होते. बोल्टही नकोत: दोन ठिकाणी धरतात, मागची कड तशीच उचलली जाते.

आतला आधाराचा ठोकळा ब्रेसना न लागेल असा कापून, मेणकागद लावून तयार ठेवा. लांब जबड्याचे तीन क्लॅम्प, एक मधे, दोन ब्रिजच्या दोन्ही टोकांच्या पंखांवर. एकदा सगळं कोरडं लावून बघा. मग ब्रिजचा तळ अॅसिटोनने पुसा, फडक्यावर रंग येणं थांबेपर्यंत. ते उडालं की लगेच डिंक, पातळ आणि सलग. खुंट घाला, मधला क्लॅम्प आधी, मग टोकांचे. चारी बाजूंनी डिंकाचे बारीक मणी बाहेर यायला हवेत, मागच्या कडेने तर नक्कीच. ओल्या फडक्याने पुसून घ्या, काही मिनिटांनी पुन्हा येतील, पुन्हा पुसा, मग टेप काढा.

क्लॅम्प रात्रभर, तारा २४ तासांनी, घाई नसेल तर ४८. तारा लावताना प्रत्येक तारेची गोळी ब्रिजप्लेटला आतून नीट टेकली आहे का ते आरशातून बघा. गोळी पिनेच्या टोकावर अडकली तर पिन वर सरकते आणि प्लेटने घ्यायचा भार ब्रिजवर येतो. पहिल्या दिवशी एक स्वर खाली लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण स्वरात आणा. महिन्याभराने तीच कागदाची पट्टी मागच्या कडेला लावा. आत शिरायला तिला कुठे जागा सापडायला नको. सापडलीच, तर किती आत आणि कोणत्या टोकाला हे लिहून ठेवा, आणि पुढच्या ऋतूत परत मोजा.